स्पेक्ट्रमला वीज देण्याआधी

माळ्यावरच्या खोक्यात सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम हा जुना संगणक सापडला की हात आधी अडॅप्टरकडे जातो. तो आवरा. खोक्यात इतकी वर्षं शाबूत राहिलेला बोर्ड चुकीच्या अडॅप्टरमुळे पहिल्या काही सेकंदांत जाऊ शकतो, आणि मग जी दुरुस्ती करावी लागते ती टाळता आली असती याची हळहळ राहते.

हा संगणक २३ एप्रिल १९८२ ला ब्रिटनमध्ये जाहीर झाला. ३.५ मेगाहर्ट्झचा झेड८०ए प्रोसेसर, टीव्हीवरचं चित्र बनवणारी फेरांटी कंपनीची यूएलए चिप, १६ के किंवा ४८ के रॅम आणि रबराच्या ४० कळा. भारतात डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस विकला, त्यामुळे आपल्याकडच्या घरांमध्येही हे यंत्र अजून निघतं. पुढचं सगळं ४८ के मॉडेलबद्दल आहे. प्लसचं बाहेरचं कवच आणि कळफलक वेगळा, आतली मांडणी मात्र तीच.

अडॅप्टरपासून सुरुवात करू. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी, १.४ अँपिअर लागतात. पिन २.१ मिलिमीटरची गोल, पण मधला भाग ऋण आणि बाहेरची कडी धन. आज घरात पडलेले राउटरचे, सेट टॉप बॉक्सचे जवळजवळ सगळे अडॅप्टर याच्या बरोबर उलटे असतात. पिन बसते, व्होल्टही जुळतात, आणि बोर्ड जातो. मूळ अडॅप्टर असेल तरी तो मोजूनच लावा. त्यात व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही, म्हणून काहीही न जोडता मोजलं तर १२-१३ व्होल्ट दिसतात. ते बिघाडाचं लक्षण नाही, भार आला की आकडा खाली येतो. पण वायर जिथे अडॅप्टरच्या तोंडाशी वाकते तिथे आतून तुटलेली असते, त्यामुळे वायर हलवत हलवत मोजा. नवा घ्यायचा तर वाद्यांच्या दुकानात गिटार पेडलसाठी ९ व्होल्टचे अडॅप्टर मिळतात. त्यांचाही मधला भाग ऋणच असतो. १.५ ते २ अँपिअरचा बघून घ्या, २०० मिलिअँपिअरचा चालणार नाही. आणि मल्टिमीटरची लाल तार बाहेरच्या कडीला लावून आकडा अधिकच येतो ना, हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय जोडू नका.

कवच उघडायला खालचे पाच स्क्रू काढायचे. वरचा भाग झटक्याने उचलू नका. कळफलकाच्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्या, एक पाच वाटांची आणि एक आठ वाटांची, बोर्डावरच्या कनेक्टरमध्ये खोचलेल्या असतात. त्या सरळ वर ओढून काढा. वयामुळे हे प्लास्टिक कडक झालेलं असतं आणि कनेक्टरच्या तोंडाशीच तडकतं. बोर्ड खालच्या कवचाला मध्यावर एका स्क्रूने धरलेला असतो.

बोर्ड हातात आला की उजेडात बघा. कोकणपट्टीच्या दमट हवेत राहिलेल्या बोर्डांवर मागच्या एज कनेक्टरचे, म्हणजे बाहेरची उपकरणं जोडायच्या कडेचे, संपर्क काळवंडलेले असतात, चिपच्या पायांना हिरवट थर आलेला असतो. झुरळांचा वावर असेल तर त्यांची विष्ठा तांब्याच्या रेषा खाते. मऊ ब्रश आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ करा. कळांचं रबर आणि वरचा धातूचा पत्रा मात्र अल्कोहोलने अजिबात पुसू नका, छापलेली अक्षरं निघून येतील. त्यांना साबणाचं कोमट पाणी पुरतं.

आता खरं काम. स्पेक्ट्रमच्या बोर्डावर चार वेगवेगळे व्होल्टेज फिरतात: बाहेरून आलेले ९, ७८०५ रेग्युलेटरने केलेले ५, आणि टीआर४, टीआर५ हे दोन ट्रान्झिस्टर व एक छोटी कॉइल मिळून बनवतात ते १२ आणि उणे ५. हा १२ आणि उणे ५ चा खटाटोप खालच्या १६ के रॅमसाठी आहे. आयसी६ ते आयसी१३ या आठ ४११६ चिप्सना तिन्ही व्होल्टेज लागतात: पिन १ ला उणे ५, पिन ८ ला अधिक १२, पिन ९ ला अधिक ५, आणि पिन १६ ग्राउंड. या चिपचं दुखणं असं की उणे ५ नसताना १२ मिळत राहिले तर ती स्वतःच जळते. म्हणून स्पेक्ट्रमचे बिघाड साखळीने येतात. एखादी ४११६ आतून शॉर्ट होते, ती १२ ची वाट खाली ओढते, टीआर४ तापून जातो, कधी कॉइल जळते, उणे ५ बंद पडतं आणि उरलेल्या चिप्सपैकी आणखी काही जातात.

त्यामुळे वीज न देता आधी रोध मोजा. कोणत्याही एका ४११६ वर पिन ८ ते १६, पिन ९ ते १६ आणि पिन १ ते १६. मल्टिमीटरचा बझर वाजला किंवा दोन-चार ओहमच दिसले, तर त्या वाटेवर शॉर्ट आहे. तो काढल्याशिवाय पुढे जायचं नाही. नुसता नवा टीआर४ बसवून चालू केलं तर तोही त्याच मिनिटाला जातो. शॉर्ट १२ च्या वाटेवर असेल तर संशय आधी रॅमवर घ्या, मग त्या वाटेवरच्या कॅपॅसिटरवर.

शॉर्ट नसेल तर कळफलक न जोडता वीज द्या आणि लगेच ४११६ च्या पिना मोजा. ५ च्या जागी ४.७५ ते ५.२५, १२ च्या जागी ११.५ ते १२.५ च्या आसपास, उणे ५ च्या जागी ४.५ ते ५.५ उणे. उणे ५ शून्याजवळ दिसलं की त्या क्षणी बंद करा, विचार नंतर. ५ बरोबर आहे पण १२ च्या जागी ८-९ च दिसतात, म्हणजे कन्व्हर्टर चालत नाही आणि बाहेरचेच ९ व्होल्ट कॉइलमधून पुढे येत आहेत. हा टीआर४ गेल्याचा सगळ्यात ओळखीचा नमुना आहे. टीआर४ म्हणजे झेडटीएक्स६५०, दोन अँपिअर झेपणारा एनपीएन. त्याऐवजी हाताशी असलेला कुठलाही छोटा ट्रान्झिस्टर लावला तर थोडा वेळ चालतो आणि जातो. टीआर५ म्हणजे झेडटीएक्स२१३, तो पीएनपी आहे. दोन्ही एकदमच बदललेले बरे, आणि नवा बसवण्याआधी कॉइलची तार अखंड आहे का ते बघून घ्या.

सगळी व्होल्टेज जागेवर आली की टीव्ही जोडून पडदा वाचायचा. निरोगी स्पेक्ट्रम सुरू होताना काळ्या पडद्यावर क्षणभर बारीक लाल उभ्या रेघा येतात, मग पडदा पांढरा होऊन तळाशी १९८२ च्या कॉपीराइटची ओळ उमटते. त्या लाल रेघा म्हणजे रॉममधला कायमचा प्रोग्रॅम रॅम तपासत असतो: तो प्रत्येक जागेत २ हा आकडा लिहितो आणि परत वाचतो.

कॉपीराइटची ओळ आली नाही आणि पडद्यावर चौकोनांचा गोंधळ स्थिर राहिला, तरी ती अर्धी चांगली बातमी आहे. यूएलए पडद्यासाठी खालची रॅम स्वतःच वाचते, प्रोसेसरला विचारत नाही. म्हणजे चित्र दिसतंय तर यूएलए आणि रंग बनवणारी एलएम१८८९ बहुधा ठीक आहेत. फेरांटीची मूळ यूएलए आता बनत नाही, त्यामुळे हे आधी कळणं मोलाचं. त्या गोंधळात प्रत्येक आठ ठिपक्यांच्या पट्ट्यात ठरावीक जागीच उभी रेघ दिसत असेल, तर एक बिट अडकलेला आहे. सगळ्यात डावा ठिपका बिट ७, म्हणजे आयसी१३. सगळ्यात उजवा बिट ० म्हणजे आयसी६. मधल्या चिप्स त्याच क्रमाने मोजायच्या. बोट लावून बघा, गेलेली ४११६ बाकीच्यांपेक्षा जास्त तापते. एक चांगली ४११६ संशयित चिपच्या पाठीवर पायाला पाय लावून दाबून धरायची युक्तीही चालते, पण मेलेल्या चिपने आउटपुट दाबून धरलं असेल तर तिचा उपयोग होत नाही.

गोंधळ ठरावीक नमुन्यात नसेल तर प्रोसेसर चालतोय का ते बघा. झेड८० च्या पिन ११ वर ५ व्होल्ट, पिन २६ म्हणजे रीसेट. सुरू झाल्यावर तीही ५ च्या जवळ गेली पाहिजे. ती मध्येच अडकली तर सी२७ हा १ मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर गळतोय. त्याला भरणारा रोध २२० किलोओहमचा आहे, त्यामुळे कॅपॅसिटरमधून किंचित गळती झाली तरी व्होल्टेज वर चढत नाही. दहा रुपयांच्या आत सुटणारा हा बिघाड आहे आणि त्यापायी लोक चांगले प्रोसेसर काढून टाकतात.

चिप काढताना शहाणपण असं: गेलेली चिप वाचवायची नसते, बोर्डावरच्या रेषा वाचवायच्या असतात. बारीक कटरने चिपचे सगळे पाय अंगाजवळ कापा, अंग बाजूला करा, मग एकेक पाय गरम करून चिमट्याने ओढा. भोकं पंपाने आणि तांब्याच्या जाळीने साफ करा. अख्खी चिप एकदम उपटायला गेलात तर जुन्या बोर्डाची गोल पॅड वर येतात. जागी गोल पिनांचा सॉकेट लावा.

नव्या चिप्सबद्दल एक ताकीद. ४१६४ ही नंतरची ६४ के चिप फक्त ५ व्होल्टवर चालते, पण तिचे ५ व्होल्ट पिन ८ वर असतात, जिथे ४११६ च्या जागी १२ येतात. तशीच खोचली तर जळेल. खालच्या रॅमसाठी तयार मॉड्युल मिळतात ते ही अदलाबदल करूनच आलेले असतात. ते लावले तरी १२ चा कन्व्हर्टर दुरुस्त ठेवावाच लागतो, कारण एलएम१८८९ त्यावरच चालते. तो बंद राहिला तर चित्र नीट येत नाही.

कॉपीराइटची ओळ आली की पहिली आज्ञा ही टाइप करा: प्रिंट पीक २३७३२ + २५६ * पीक २३७३३. उत्तर ६५५३५ आलं तर ४८ के पूर्ण दिसतेय. ३२७६७ आलं तर यंत्र स्वतःला १६ के समजतंय, म्हणजे वरच्या ३२ के मध्ये सुरुवातीलाच दोष आहे: आयसी१५ ते आयसी२२ या रॅम किंवा त्यांचे पत्ते वाटणाऱ्या आयसी२५, आयसी२६ या ७४एलएस१५७. मधलाच एखादा आकडा आला तर त्या पत्त्यापुढची रॅम खराब. वरच्या रॅमच्या मूळ चिप्स म्हणजे अर्ध्या नापास झालेल्या ६४ के चिप्स, चांगला अर्धा तेवढा वापरलेल्या. सिंक्लेअरने किंमत अशी खाली आणली. इथे ४१६४ सरळ बसते. फक्त १२८ चक्रांच्या रिफ्रेशची (रॅममधली माहिती पुसू नये म्हणून ती पुन्हा पुन्हा भरणं म्हणजे रिफ्रेश) घ्या, कारण झेड८० चा रिफ्रेश गणक ७ बिटांचाच आहे. ७४एलएस१५७, ७८०५, सॉकेट, अल्कोहोल हे सगळं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत विचारून बघण्यासारखं आहे. ४११६ आणि झेडटीएक्स६५० साठी मात्र बहुधा ऑनलाइन शोधावं लागेल.

इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सरसकट बदला. ते आडव्या अंगाचे, दोन टोकांना तारा असलेले असतात. तसे नाही मिळाले तर उभे चालतात, एक पाय लांब ठेवून वाकवायचा आणि वर नळी चढवायची. काढण्याआधी प्रत्येकाचा फोटो घ्या आणि उणे ५ च्या वाटेवर विशेष लक्ष द्या: तिथे कॅपॅसिटरची धन बाजू ग्राउंडला जाते. सवयीने उलटा लावला जातो आणि फुगतो.

७८०५ बिघडलेला नसला तरी तो बदलण्याच्या मताचा मी आहे. ९ चे ५ करताना ४ व्होल्ट तो उष्णता म्हणून सोडतो. पाऊण अँपिअर प्रवाह धरला तर ३ वॅट, तेही बंद प्लास्टिकच्या पेटीत, यूएलएच्या सोबतीला. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते. त्याच तीन पायांचा स्विचिंग मॉड्युल मिळतो, एक अँपिअरचा किंवा जास्तीचा. तो जवळजवळ गरमच होत नाही. जुना पत्र्याचा हीटसिंक जपून ठेवा, पुढे मूळ रूपात न्यायचं झालं तर लागेल.

कळफलकात बहुतेक वेळा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, बदलावाच लागतो. नवे बनतात. वरचा पत्रा दुहेरी चिकटपट्टीने बसवलेला आहे. हेअर ड्रायरने गरम करत कोपऱ्यातून सावकाश उचला, वाकला तर सरळ होत नाही. बदलण्याआधी दोष नक्की कुठे आहे ते कळांवरूनच ओळखता येतं. एका ओळीच्या अर्ध्या पाच कळा मेल्या, उदाहरणार्थ १ ते ५, तर आठ वाटांच्या पट्टीतली एक वाट तुटली आहे. १, क्यू, ए, कॅप्स शिफ्ट आणि दुसऱ्या बाजूच्या ०, पी, एंटर, स्पेस अशा आठ कळा एकदम मेल्या, तर पाच वाटांच्या पट्टीतली. नवा मेम्ब्रेन लावूनही पाच कळांचा तोच गट बंद राहिला, तर त्या वाटेवरचा डायोड, डी१ ते डी८ पैकी, मोजा.

टीव्हीची जोडणी. मूळ मॉड्युलेटर, म्हणजे चित्राचा टीव्ही सिग्नल बनवणारी डबी, यूएचएफ चॅनल ३६ वर, ५९१.२५ मेगाहर्ट्झला, चित्र पाठवतो. आवाज त्यातून जातच नाही, तो यंत्राच्या आतल्या छोट्या स्पीकरमधून येतो. म्हणून ब्रिटन आणि भारत यांच्या पाल या रंगीत टीव्ही पद्धतीच्या प्रकारांमधला आवाजाच्या वारंवारतेचा फरक इथे आड येत नाही. जुन्या ट्यूबच्या टीव्हीला यूएचएफ ट्यूनर असेल तर थेट लागतो. नव्या टीव्हीसाठी कंपोझिट, म्हणजे मॉड्युलेटरशिवायचा थेट व्हिडिओ सिग्नल, काढणं बरं. मॉड्युलेटरच्या डबीत बोर्डावरून दोन तारा जातात. यंत्र चालू ठेवून मोजा, जिच्यावर ठाम ५ व्होल्ट आहेत ती वीज, दुसरी व्हिडिओ. यंत्र बंद करून दोन्ही सोडवा, ५ व्होल्टच्या तारेवर नळी चढवा. डबीच्या आत आरसीए सॉकेटच्या मधल्या टोकाला आलेला रोध सोडवा, कापू नका. मग व्हिडिओची तार १०० मायक्रोफॅरडच्या कॅपॅसिटरमधून त्या टोकाला जोडा, धन बाजू बोर्डाकडे. कॅपॅसिटर गाळला तर काही टीव्ही चित्र फिकट दाखवतात किंवा पूर्ण पांढरं करतात, कारण सिग्नलसोबत स्थिर व्होल्टेजही जातं.

एचडीएमआय कन्व्हर्टर लावून काळा पडदा आला तर यंत्राला दोष देऊ नका. स्पेक्ट्रमच्या चौकटीत सरळ ३१२ रेषा असतात आणि सेकंदाला ५०.०८ चौकटी. पालच्या नियमात ३१२.५ रेषांच्या एकमेकींत गुंफलेल्या चौकटी. स्वस्त कन्व्हर्टरपैकी काहींना ही अर्धी रेष नसलेली खपत नाही. घेण्याआधी बदलून मिळेल का, हे विचारून ठेवा.

कॅसेटऐवजी फोन चालतो. इअर सॉकेटला ३.५ मिलिमीटरची मोनो पिन हवी. फाइल डब्ल्यूएव्ही आणि मोनो ठेवा. एमपीथ्री करताना पल्सच्या कडा बदलतात. फोन विमान मोडमध्ये, इक्वलायझर बंद, आवाज जवळजवळ पूर्ण. चित्राभोवतीच्या बॉर्डरवर लाल-निळसर जाड पट्टे स्थिर फिरत राहिले म्हणजे सुमारे ८०७ हर्ट्झचा आरंभसूर ऐकू येतोय. मग निळे-पिवळे बारीक पट्टे म्हणजे डेटा. लाल-निळसर पट्टे येतात पण निळे-पिवळे सुरू झाल्यावर टेप लोडिंगची चूक दाखवली जाते, तर आवाज एक-दोन पायऱ्या वर-खाली करा. पट्टे येतच नाहीत तर पिन पूर्ण आत गेली आहे का ते आधी बघा.

मागच्या एज कनेक्टरला एसडी कार्डावरून प्रोग्रॅम वाचणारा डिव्हएमएमसी लावला की कॅसेटची गरजच उरत नाही. पण यंत्र चालू असताना तो लावणं किंवा काढणं कधीही नाही. त्या कनेक्टरवर ९, १२ आणि उणे ५ व्होल्टही आहेत. किंचित तिरका सरकला की हे व्होल्टेज शेजारच्या वाटांना टेकतात आणि वर सांगितलेली सगळी साखळी पुन्हा सुरू होते. बसवण्याआधी कनेक्टरच्या पाचव्या जागेची खाच आणि समोरची किल्ली जुळतेय ते बघा, किल्ली नसलेला कनेक्टर वापरू नका.

इंटरफेस १ हे सिंक्लेअरचं मागे जोडायचं उपकरण असेल तर स्पेक्ट्रम आजच्या संगणकाला सीरियलने जोडता येतो. मात्र डिव्हएमएमसी आणि इंटरफेस १ एकत्र लावू नका, दोघंही एकाच पत्त्यावर आपला रॉम पुढे करतात. सीरियलची पिन नऊ टोकांची, संगणकासारखीच दिसते, पण वाटा वेगळ्या आहेत. सरळ वायर चालणार नाही. संगणकाची पिन ३ स्पेक्ट्रमच्या २ ला, संगणकाची २ स्पेक्ट्रमच्या ३ ला, संगणकाची ५ (ग्राउंड) स्पेक्ट्रमच्या ७ ला, संगणकाची ७ स्पेक्ट्रमच्या ४ ला आणि स्पेक्ट्रमची ५ संगणकाच्या ८ ला. शेवटच्या दोन तारा गाळायचा मोह होतो. स्पेक्ट्रम सीरियलचे बिट प्रोसेसरनेच एकेक मोजतो, त्यात वेगळी चिप नाही. “थांब” सांगणारी तार नसेल तर अक्षरं गळतात. संगणकावर ९६००, ८ बिट, पॅरिटी नाही, हार्डवेअर हँडशेक चालू. स्पेक्ट्रमवर फॉरमॅट "टी";९६००, मग ओपन #३;"टी" आणि एललिस्ट. बेसिकचा प्रोग्रॅम संगणकाच्या पडद्यावर उतरतो. इथे टी ऐवजी बी दिलं तर बेसिकचे शब्द एकेका बाइटच्या खुणा म्हणून जातात आणि पलीकडे कचरा दिसतो.

स्पेक्ट्रमच्या बाजूची पिन ९ मोकळी सोडा. तिच्यावर इंटरफेस १ चे ९ व्होल्ट असतात.